एलिझाबेथ, फिलिप आणि धर्मयुद्धाची दंतकथा

सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंड आणि स्पेन यांच्यात जे दीर्घ वैर चालले, त्याची कथा आमच्या कॅथलिक घरांत दोन तऱ्हांनी सांगितली जाते. आमच्या मते दोन्ही तऱ्हा सत्याला सोडून आहेत. पहिली तऱ्हा आमच्या वडीलधाऱ्यांनी इंग्रजी शाळांतून पाठ केली. पोपच्या चिथावणीने स्पेनचा क्रूर राजा दुसरा फिलिप १५८८ साली प्रचंड आरमार घेऊन चिमुकल्या इंग्लंडवर चालून आला. शूर ड्रेकने हातातला खेळाचा डाव पुरा करून मग त्याचा समाचार घेतला. परमेश्वराने वादळ सोडले आणि स्वातंत्र्य व शुद्ध धर्म बचावला. या कथेला उत्तर म्हणून आमच्याच मंडळींनी दुसरी कथा रचली. तिच्यात फिलिप हा ख्रिस्तसभेचा खड्गधारी रक्षक, एलिझाबेथ ही धर्मद्रोही बापाची धर्मद्रोही लेक, आणि आरमाराचा विनाश म्हणजे साक्षात कॅथलिक श्रद्धेचा पराभव. दोन्ही कथांत खलनायक तेवढा बदलतो, गृहीतक मात्र एकच राहते : ते युद्ध धर्मासाठी झाले.

आम्ही हे गृहीतक नाकारतो. इंग्लंडचे परराष्ट्रधोरण लोकरीचे कापड, साखर, चांदी आणि समुद्रमार्ग यांच्या हिशेबाने चालत होते. स्पेनचा हिशेब थोडा निराळा असला तरी तोही हिशेबच होता. धर्माचे नाव दोन्ही दरबारांनी घेतले. त्या नावाची किंमत मात्र ज्यांनी मोजली त्यांना कोणत्याही दरबारात बसायला जागा नव्हती. ते होते इंग्लंडमधील कॅथलिक प्रापंचिक आणि त्यांना लपूनछपून मिस्सा देणारे धर्मगुरू. त्यांचा पक्ष मांडायचा तर दोन्ही राजांचे वकीलपत्र आधी खाली ठेवले पाहिजे.

प्रथम आपल्याच माणसाचा हिशेब तपासू. १५५४ साली फिलिपने इंग्लंडची कॅथलिक राणी मेरी ट्यूडर हिच्याशी विवाह केला. पुढे दोन वर्षांतच त्याच्या वतीने आल्बाचा ड्यूक पोपच्या राज्यावर सैन्य घेऊन उतरला, कारण चौथे पॉल हे पोपमहाशय फ्रान्सला धरून होते. कॅथलिक राजा पोपशी लढतो आहे, आणि त्याच्या पाठोपाठ कॅथलिक राणी फ्रान्सविरुद्धच्या युद्धात ओढली जाऊन १५५८ च्या जानेवारीत कॅले गमावून बसते! या साऱ्यात धर्माची बाजू कोणती, हे कोणी आम्हांस समजावून सांगावे.

मेरी वारली, एलिझाबेथ गादीवर आली. फिलिपने तिलाही मागणी घातली. ती तिने नाकारली, तरी पुढील दहा वर्षे रोममध्ये तिच्यावरील बहिष्काराचा विषय निघाला की तो लांबणीवर टाकण्यासाठी फिलिपच धडपडत होता. कारण उघड होते. एलिझाबेथ पदच्युत झाली तर इंग्लंडचा मुकुट स्कॉटलंडच्या मेरीकडे जाणार, आणि ती मेरी फ्रान्सच्या राजघराण्यातील सून. म्हणजे इंग्लिश खाडीचे दोन्ही किनारे फ्रान्सच्या मुठीत, आणि स्पेनहून नेदरलँड्सकडे जाणारा त्याचा जलमार्ग बंद. कॅथलिक राणी फ्रान्सची असण्यापेक्षा प्रोटेस्टंट राणी कोणाचीच नसलेली बरी, असा तो विचार होता. अखेर १५७० साली पोप पाचवे पायस यांनी एलिझाबेथला धर्मबहिष्कृत केले, तेही फिलिपला न विचारता. आणि फिलिप त्यांच्यावर रुष्ट झाला. प्रोटेस्टंट राणीला दहा वर्षे संरक्षण देणाऱ्या या राजाला आमची मंडळी धर्मवीर म्हणतात. पोप पाचवे सिक्स्टस यांना मात्र त्याची पुरती ओळख असावी. आरमारासाठी त्यांनी दहा लाख सुवर्ण डुकाटांचे वचन दिले, पण सैन्य इंग्लंडच्या भूमीवर उतरल्याशिवाय एक नाणेही मिळणार नाही अशी अट घातली. सैन्य उतरले नाही आणि पैसाही सुटला नाही. त्याच पोपमहाशयांना एलिझाबेथच्या कर्तबगारीचे कौतुक होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही.

आता दुसरीकडे वळू. इंग्लंडमधून स्पेनच्या मुलखात शिरणारे पहिले धाडसी दर्यावर्दी शुद्ध धर्माचा प्रसार करायला गेले नव्हते. जॉन हॉकिन्सने १५६२ पासून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे धरून कॅरिबियन समुद्रातील स्पॅनिश वसाहतींत गुलाम म्हणून विकली. दुसऱ्या आणि तिसऱ्या सफरीसाठी राणीने त्याला आपले स्वतःचे जहाज दिले. त्या जहाजाचे नाव होते ‘जीझस ऑफ ल्यूबेक’. आमच्या प्रभूच्या नावाच्या जहाजातून साखळदंडांत जखडलेली माणसे बाजारात नेली गेली, आणि हे शुद्ध सुवार्तेचा अभिमान बाळगणाऱ्या राणीच्या भांडवलावर! १५६८ च्या सप्टेंबरात मेक्सिकोच्या सान हुआन दे उलुआ बंदरात स्पॅनिश ताफ्याने हॉकिन्सला गाठले. राणीचे जहाज गेले. हॉकिन्स आणि त्याचा तरुण नातेवाईक फ्रान्सिस ड्रेक कसेबसे निसटले. ड्रेकच्या मनातील स्पेनद्वेषाचे मूळ कोणत्याही धर्मतत्त्वात नसून या बुडालेल्या गुलामव्यापारात आहे. आमच्या शाळांनी ते कधी सांगितले नाही. (आणि हेही सांगितले पाहिजे, की ती माणसे विकत घेणारे ग्राहक नियमित मिस्सेला जाणारे स्पॅनिश मळेवाले होते.)

त्याच वर्षाच्या अखेरीस आल्बाच्या सैन्याचे वेतन घेऊन नेदरलँड्सकडे निघालेली जहाजे वादळ आणि चाचे यांच्या भयाने इंग्लंडच्या बंदरांत आश्रयाला आली. पैसा जिनोआच्या सावकारांचा होता. तो अद्याप फिलिपचा झालेला नाही, मग आम्हीच का उसना घेऊ नये, असा युक्तिवाद करून एलिझाबेथने सुमारे ८५ हजार पौंड ठेवून घेतले. आल्बाने इंग्रजांचा माल जप्त केला, इंग्लंडने स्पेनचा. अँटवर्पची पेठ, जिच्यावर इंग्लंडचे कापड विकले जाई, काही वर्षे बंद पडली. दोन राज्यांतील हा पहिला मोठा तंटा सावकारी थैल्यांवरून झाला. पुढे १५७७ ते १५८० या काळात ड्रेकने पृथ्वीप्रदक्षिणा करताना पॅसिफिक महासागरात स्पॅनिश चांदीचे जहाज लुटले आणि भागीदारांना गुंतवणुकीच्या कित्येक पट नफा मिळवून दिला. स्पेनचा वकील मेंडोझा लूट परत मागत राहिला. १५८१ साली राणीने ड्रेकच्याच जहाजावर जाऊन त्याला ‘सर’ केले.

उघड युद्ध पेटले ते १५८५ साली, आणि तेही नेदरलँड्सवरून. तेथील बंडखोर कॅल्व्हिनपंथी होते हे खरे. पण एलिझाबेथला बंडखोरांविषयी प्रेम नव्हते आणि कॅल्व्हिनपंथाविषयी तर त्याहून कमी. त्यांनी देऊ केलेले राज्यपद तिने नाकारले. ऑगस्ट १५८५ च्या नॉनसच करारान्वये तिने ६,४०० पायदळ आणि १,००० घोडदळ देण्याचे मान्य केले, पण फ्लशिंग आणि ब्रिल ही ठाणी तारण म्हणून लिहून घेतली. धर्मबंधूंकडून तारण घेणारे हे धर्मयुद्ध! आपल्या समोरच्या किनाऱ्यावर कोणतीही बलाढ्य सत्ता स्थिरावू द्यायची नाही, हे इंग्लंडच्या परराष्ट्रधोरणाचे जुने सूत्र होते. हेन्री, मेरी, एलिझाबेथ, क्रॉमवेल अशी माणसे बदलली, मिस्सेची भाषा बदलली, सूत्र बदलले नाही.

एलिझाबेथने मित्र कोण निवडले तेही पाहावे. १५८९ साली, म्हणजे आरमाराच्या दुसऱ्याच वर्षी, ड्रेक आणि नॉरिस यांना तिने लिस्बनवर धाडले ते पोर्तुगालच्या गादीवर दोम अँतोनियो याला बसवण्यासाठी. तो कॅथलिक होता. मोहीम फसली आणि हजारो माणसे रोगराईने मेली. १५८८ चा वारा परमेश्वराने इंग्लंडसाठी सोडला असेल तर १५८९ ची साथ कोणासाठी सोडली, हे त्या कथेत येत नाही. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीला तिने सैन्य दिले. तो १५९३ साली कॅथलिक झाला तेव्हा तिने संताप व्यक्त केला, पण मदत चालू ठेवली आणि १५९६ साली त्याच्याशी रीतसर तहही केला. तुर्कस्तानच्या सुलतान तिसऱ्या मुरादकडून तिच्या व्यापाऱ्यांनी १५८० साली सवलती मिळवल्या, आणि तोफा ओतण्यासाठी लागणारे कथील इंग्लंडमधून तिकडे जात राहिले. मोरोक्कोशी सोऱ्याचा व्यवहार होता. कोणी यासाठी तिला दोष देईल. आम्ही देत नाही. राज्यकर्ते राज्य करतात. आमचा दोष आहे तो राज्यकारभाराला धर्मयुद्धाचा झगा चढवणाऱ्या कथाकारांना.

मग धर्माला काहीच स्थान नव्हते काय, असे कोणी विचारील. होते. लिस्बनच्या महामंदिरात आरमाराच्या निशाणाला आशीर्वाद देण्यात आला, त्यावर क्रूसावरील प्रभू आणि पवित्र मरिया यांच्या आकृती होत्या. सुमारे १३० गलबतांवरील हजारो खलाशी पापनिवेदन करून निघाले होते, आणि त्यांची श्रद्धा खोटी होती असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. मेरी ट्यूडरच्या अमदानीत सुमारे २८० प्रोटेस्टंट जिवंत जाळले गेले. ज्या इंग्रजांनी त्या चिता पाहिल्या होत्या त्यांना स्पॅनिश सैन्याचे भय वाटले तर त्यांना केवळ धर्मद्वेष्टे म्हणून चालणार नाही. पण भय आणि भक्ती या प्रजेच्या मनातील गोष्टी होत्या. दरबारांनी त्या वापरल्या. भक्तीसाठी लढलेल्या खलाशांना विजयानंतर काय मिळाले? सरसेनापती लॉर्ड हॉवर्डने ऑगस्ट १५८८ मध्ये मार्गेटहून लिहिले की त्याची माणसे साथीने रस्त्यांवर मरत आहेत आणि त्यांना द्यायला वेतन नाही.

या वैराची एक शाखा आमच्या किनाऱ्यापर्यंत आली होती. १५८० साली फिलिपला पोर्तुगालचा मुकुट मिळाला आणि त्याबरोबर गोवा, चौल, वसई, दमण ही ठाणीही त्याच्या छत्राखाली आली. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १५७९ मध्ये, एक इंग्रज येशूसंघीय गोव्यात उतरला होता : फादर थॉमस स्टीफन्स, ज्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले आणि ज्यांचे ऋण मराठी ख्रिस्ती माणूस अजून फेडतो आहे. मायदेशातून आपले मित्र थॉमस पाउंड यांच्यासह ते रोमला जायचे होते. पाउंड पकडले गेले आणि पुढे सुमारे तीस वर्षे त्यांनी तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटे निघाले.

१५८३ च्या अखेरीस चार इंग्रज कैदी गोव्यात आणले गेले. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी हे अकबर बादशहासाठी एलिझाबेथचे पत्र घेऊन निघाले असता होर्मुझ येथे पकडले गेले होते. आरोप काय, तर ते दोम अँतोनियोचे हेर आहेत, आणि शिवाय ड्रेकने मलाक्काच्या पलीकडे पोर्तुगीज गलबतावर तोफा डागल्या होत्या. तक्रार मुळात एका इटालियन व्यापाऱ्याने केली होती. त्याला आपल्या पेठेत इंग्रज प्रतिस्पर्धी नको होते. एलिझाबेथच्या राज्यातील कायद्यांनी ज्यांच्या मित्राला तुरुंगात डांबले, त्या फादर स्टीफन्स यांनी एलिझाबेथच्या या प्रजाजनांसाठी खटपट करून त्यांना जामिनावर सोडवले. ते कॅथलिक आहेत की नाहीत, हे त्यांनी सुटकेची अट म्हणून विचारले नाही. स्टोरी काही काळ येशूसंघीयांकडे चित्रे रंगवीत राहिला. बाकीचे तिघे पुढील एप्रिलात बेळगाव-विजापूरच्या वाटेने पळाले. फिच १५९१ साली घरी पोचला, आणि ईस्ट इंडिया कंपनी स्थापणाऱ्यांनी त्याचा सल्ला घेतला. एका इंग्रज धर्मगुरूच्या दयेतून कंपनीला तिचा वाटाड्या मिळाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी होणार नाही.

इकडे इंग्लंडमध्ये फादर स्टीफन्स यांच्या धर्मबंधूंची स्थिती काय होती? १५८१ च्या कायद्याने राजमान्य उपासनेला न येणाऱ्यास दरमहा २० पौंड दंड. १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेला धर्मगुरू इंग्लंडच्या भूमीवर सापडणे हाच राजद्रोह, आणि त्याला आसरा देणारा मृत्युदंडाला पात्र. एडमंड कॅम्पियन यांनी १ डिसेंबर १५८१ रोजी फाशीच्या गाड्यावर उभे राहून एलिझाबेथ राणीसाठी प्रार्थना केली. यॉर्कची मार्गारेट क्लिदरो, एका खाटकाची पत्नी आणि लेकुरवाळी बाई, २५ मार्च १५८६ रोजी दारावर दगड रचून चिरडून मारली गेली. आरमार आले तेव्हा एली येथे अटकेत ठेवलेल्या कॅथलिक जमीनदारांनी राणीच्या बाजूने लढण्याची तयारी कळवली. त्यांना सोडले नाही. आरमार परतल्यानंतर, म्हणजे धोका टळल्यानंतर, त्या उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात सुमारे तीस कॅथलिकांना देहान्त शासन झाले. त्यांत मार्गारेट वॉर्ड होती. एका धर्मगुरूला तुरुंगातून पळण्यासाठी तिने दोरखंड पोचवला होता. कोणत्या वेदीसमोर गुडघे टेकता यावरून तुम्ही कोणत्या राजाचे, हे ठरवणाऱ्या न्यायाची ओळख आमच्या वाचकांना नव्याने करून देण्याचे कारण नाही.

येथे एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. या अन्यायाला आमच्याच एका थोर पुरुषाने हातभार लावला. दुए येथील महाविद्यालय १५६८ साली स्थापणारे, इंग्लंडला धर्मगुरू पुरवणारे विल्यम ॲलन यांना फिलिपच्या आग्रहावरून १५८७ साली कार्डिनल करण्यात आले. १५८८ साली त्यांनी इंग्रज जनतेला राणीविरुद्ध उठून स्पॅनिश सैन्याला साथ देण्याचे आवाहन करणारे पत्रक छापले. ज्यांना त्यांनी शिकवून धाडले होते ते तरुण न्यायालयात शपथेवर सांगत होते की आम्ही केवळ आत्म्यांसाठी आलो आहो, राजकारणाशी आमचा संबंध नाही; आणि त्यांचे गुरू परदेशात बसून त्यांच्या शपथा खोट्या पाडत होते. कार्डिनल ॲलन यांच्या विद्वत्तेबद्दल आणि तपाबद्दल आम्हांस आदर आहे. त्या पत्रकाबद्दल नाही.

आणि ज्या स्पेनवर भिस्त ठेवून हे सारे झाले त्या स्पेनने काय केले? १६०२ आणि १६०३ साली इंग्रज कॅथलिकांचे दूत स्पेनच्या दरबारात मदत मागायला गेले. त्यांतील एकाचे नाव गाय फॉक्स. फिलिपचा मुलगा तिसरा फिलिप याने त्यांना गोड शब्दांवर परत पाठवले, कारण तहाच्या वाटाघाटी सुरू होत होत्या. ऑगस्ट १६०४ मध्ये लंडनचा तह झाला. आमच्या साऱ्या म्हणण्याचा पुरावा या एका तहात आहे. स्पेनच्या बंदरांत व्यापार करणाऱ्या इंग्रज प्रोटेस्टंटांना, त्यांनी उघड बेअदबी केली नाही तर, त्यांच्या सद्सद्विवेकापायी धर्मन्यायालयाने त्रास देऊ नये, असे कलम त्यात घातले गेले. इंग्लंडमधील कॅथलिकांना मिस्सा ऐकता यावी, असे कलम त्यात नाही. दोन्ही बाजूंच्या मुत्सद्द्यांना सद्सद्विवेकाचा अर्थ कळत होता. तो त्यांनी कापडाच्या गठ्ठ्यांना लागू केला, माणसांना केला नाही. पुढच्याच वर्षी फॉक्स आणि त्याचे निराश सोबती पार्लमेंटखालच्या तळघरात सुरुंगाची दारू भरू लागले. त्या कटाचे समर्थन करता येत नाही. तो कोणत्या वैफल्यातून उगवला हे मात्र सांगता येते.

पुढची गोष्ट झटपट उरकू, कारण ती तीच आहे. १६२५ साली इंग्लंडने फ्रान्सच्या कॅथलिक राजाला जहाजे दिली आणि ती ला रोशेलच्या प्रोटेस्टंटांविरुद्ध वापरली गेली. चार्ल्स राजाचा शिरच्छेद करणाऱ्या प्रोटेस्टंट प्रजासत्ताकाला मान्यता देण्यात सर्वांआधी पुढे आला तो कॅथलिक स्पेन, १६५० साली. त्या उपकाराची फेड क्रॉमवेलने १६५५ साली जमैका घेऊन केली आणि १६५७ साली एका कार्डिनलशी, फ्रान्सच्या माझारँशी, हातमिळवणी केली. बायबल हाती धरणाऱ्या त्याच्या सैनिकांनी १६५८ साली डंकर्कजवळ कॅथलिक फ्रेंचांच्या खांद्याला खांदा लावून स्पेनला हरवले. मधल्या काळात, १६५२ ते १६५४, त्याचा देश प्रोटेस्टंट डचांशी लढून घेत होता.

स्पेनविरुद्ध पोर्तुगालला बळ द्यायचे म्हणून १६६१ साली दुसऱ्या चार्ल्सने ब्रागांझाच्या कॅथरिनशी विवाहाचा करार केला आणि आंदणात मुंबई बेट घेतले. त्या करारात मुंबईच्या रहिवाशांना पूर्वीप्रमाणेच रोमन कॅथलिक उपासनेची पूर्ण मोकळीक दिली गेली. त्या दिवशी लंडनमध्ये १५८५ चा कायदा जसाच्या तसा होता. माहीमच्या कोळ्याला जे स्वातंत्र्य इंग्लंडच्या राजाने सही करून दिले ते यॉर्कच्या विणकराला दिले नाही, कारण मुंबईत प्रजा टिकवायची होती. १६७० साली याच चार्ल्सने डोव्हर येथे फ्रान्सच्या राजाशी गुप्त तह करून त्याच्याकडून पैसा घेण्यास सुरुवात केली. आणि १ जुलै १६८१ रोजी आयर्लंडमधील आर्माचे महागुरू ऑलिव्हर प्लंकेट यांना टायबर्न येथे फाशी देण्यात आले. त्यांच्यावरील आरोप फ्रेंच सैन्य आयर्लंडमध्ये उतरवण्याच्या कटाचा होता.